मातीच्या बैलाशी इंग्रजी बोलावं का?

नांदेडची आई:
माझी लेक साडेतीन वर्षांची. इंग्रजीचे तक्ते घरात आणले नाहीत. पोळ्याचे मातीचे बैल, भातुकली आणि चपलेचं एक रिकामं खोकं, एवढ्यावर आमचं भागतं. बैल खोक्यात ठेवला की ‘इन’, वर ठेवला की ‘ऑन’, खाली दडवला की ‘अंडर’. आपण ‘खोक्यात, खोक्यावर’ असं शेवटी जोडतो, इंग्रजीत तो शब्द आधी येतो. मी सातवीपर्यंत इथंच चुकायचे. तिला ते बैल ठेवता ठेवता कळलं. रोज पंधरा मिनिटं, बस्स. कुणी करून बघितलंय का?

उदगीरचे आजोबा:
ताई, खेळणं तरी लेकराचं राहू द्या. नातू बैल घेऊन आला की मी त्याला झूल, जू, कासरा सांगतो. तो विचारतो, “वेसण कामून घालायची?” त्यातून गोष्ट निघते, अर्धा तास जातो. इंग्रजीत ‘ऑक्स’ म्हटलं की बोलणं संपलं. पुढचे शब्द तुमच्याकडंही नाहीत, माझ्याकडंही नाहीत. २०२० चं शिक्षण धोरणसुद्धा शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवा म्हणतं.

नांदेडची आई:
पुढचे शब्द नाहीत, हे खरंय आणि ते लागलं. पण तेच धोरण म्हणतं की दोन ते आठ या वयात लेकरं भाषा फार लवकर उचलतात. मी माध्यम कुठं बदलायलेय?

संभाजीनगरचा गाइड:
परदेशी भाषा म्हणजे इंग्रजीच कशाला? मी जपानी पाहुण्यांना अजिंठा दाखवतो. जपानीत ‘हाको नो नाका’ म्हणजे ‘खोक्याच्या आत’, शब्दांचा क्रम आपलाच. क्रियापदही शेवटी. हाच खोक्याचा खेळ माझ्या पोरीला जपानीत सहज जमला.

गेवराईची अंगणवाडी ताई:
बटण दाबल्यावर ‘ए फॉर ॲपल’ बोलणारी खेळणी मात्र घेऊ नका. अमेरिकेत संशोधक पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या बाळांसोबत चिनी बोलणारी माणसं पुस्तकं, खेळणी घेऊन १२ वेळा बसली. बाळं चिनी आवाज वेगळे ओळखू लागली. तेच पडद्यावर बघितलेल्या बाळांना काही आलं नाही. आमच्याकडं ऊसतोडीला कर्नाटकात गेलेली लेकरं कन्नड शब्द घेऊन येतात. शिकवलं कुणी? तिथल्या लेकरांसोबत गोट्या खेळले, एवढंच.

उदगीरचे आजोबा:
गोट्या खेळताना कुणी परीक्षा घेत नव्हतं, ताई. आमच्या घरी पाहुणे आले की नातीला समोर उभं करायचे, “बेटा, तव्याला इंग्रजीत काय म्हणतात?” एकदा चुकली, सगळे हसले. त्या दिवसापासून तिनं भातुकली काढली नाही. दोन वर्षं झाली, डबा माळ्यावर आहे.

नांदेडची आई:
वाचून पोटात कालवलं. पाहुण्यांसमोर विचारणं आमच्याकडंही झालंय, ते आजपासून बंद. पंधरा मिनिटं मात्र सोडणार नाही. एक सांगा, आमच्या बैलाला वेसण नाही. सुतळीची घालता येईल का?

उदगीरचे आजोबा:
मातीच्या नाकाला भोक पाडू नका, फुटंल. तोंडाभोवती सुतळीची म्होरकी बांधा. लेकीलाच बांधू द्या.