वर्स्टेड म्हणजे 'वर्स्ट' लोकर का?

सुईदोरा
नमस्कार मंडळी, भाबडा प्रश्न आहे, हसू नका. नातीसाठी स्वेटर विणायला घेतलाय, पॅटर्न अमेरिकेतल्या एका बाईंचा, त्यात लिहिलंय 'वर्स्टेड वेट' लोकर घ्या. आता हा शब्द मला चांगलाच माहितीये, कारण आमच्या ह्यांना लग्नात माझ्या वडिलांनी जे सुटाचं कापड दिलं होतं त्यातला उरलेला तुकडा अजून ट्रंकेत आहे आणि त्याच्या काठावर छापलंय 'प्युअर वूल वर्स्टेड'. ह्यावरून गेली ३५ वर्षं मी टोमणे ऐकतेय, "तुझ्या बाबांनी बघ, वर्स्ट कापड दिलं आणि वर तसं छापूनही घेतलं". पण तो तुकडा चांगला गुळगुळीत नि पातळ आहे हो, आणि पॅटर्नच्या फोटोतली लोकर जाडजूड, मग दोन्ही वर्स्टेड कसे? डिक्शनरीत बघितलं तर तिसराच अर्थ, 'मात खाल्लेला'. काही कळेना.

शब्दखोर
ताई, तुमच्या बाबांनी दिलेलं कापड एकदम चांगलं होतं, ह्यांना सांगा. वर्स्टेडचा वर्स्टशी काही संबंध नाही, ते इंग्लंडमधल्या एका गावाचं नाव आहे. नॉरफकमध्ये वर्स्टेड म्हणून खेडं आहे, कापडाच्या स्पेलिंगमध्ये त्यातलं एक अक्षर गळलंय एवढंच. पैठणची पैठणी तशातलाच प्रकार. आपल्या मुंबईतल्या डोंगरीवरून नाही का इंग्रजांनी डंगरी (जाडंभरडं सुती कापड) केली, तसं.
गावाच्या नावाची फोड तर अजून मजेशीर आहे. जुन्या इंग्रजीत 'वर्थ' म्हणजे कुंपण घातलेली जागा आणि 'स्टेड' म्हणजे ठिकाण, थोडक्यात वाड्याचं ठिकाण. आणि हे 'स्टेड' आपल्या स्था, स्थिती, स्थानाचं लांबचं भावंड. आणि हो, उच्चार 'वर्स्टेड' नाही, 'वुस्टिड', वूस्टर सॉसमधल्यासारखा र खायचा.
'मात खाल्लेला' वालं वर्स्टेड मात्र खरंच वर्स्टपासून आलंय, तिथे र म्हणतात. स्पेलिंग एक, कूळ वेगळं.

नॉरिचकर
मी नॉरफकमधल्याच नॉरिच शहरात राहतो (मधला डब्ल्यू कोणी म्हणत नाही), हे गाव इथून उत्तरेला साधारण २० किमी. छोटंसंच आहे, पण तिथलं सेंट मेरी चर्च बघून पहिल्यांदा गेलेला माणूस चक्रावतो, एवढुशा वस्तीत एवढं अवाढव्य चर्च कशाला? उत्तर म्हणजे लोकरीचा पैसा. १३७९ च्या सुमारास काम सुरू झालं, नुसता मनोराच शंभर फुटांच्या वर. मध्ययुगात इथलं कापड लांब लांब जायचं, जुना इंग्रजी कवी चॉसर, त्याच्या कवितेतला फ्रायर (भिक्षू) ह्याच कापडाचा झगा घालतो.
इथे सगळे सांगतात की तिसऱ्या एडवर्ड राजाच्या काळात, म्हणजे १४ व्या शतकात, फ्लँडर्सहून (आजच्या बेल्जियमकडून) फ्लेमिश विणकर आले आणि त्यांनी हा धंदा आणला. विणकर आले हे खरंच आहे, पण कापडाचं हे नाव १३ व्या शतकाच्या शेवटापासूनच सापडतं, म्हणजे त्यांच्या आधी इथे कोणीतरी विणत होतंच की. मला ती फ्लेमिश गोष्ट जरा जास्तच रंगवलेली वाटते.
पुढे धंदा नॉरिचने ओढून घेतला आणि १९ व्या शतकात यॉर्कशरने, कारण नॉरफकमध्ये कोळसा नाही, तिकडे कोळसा आणि वाफेवरच्या गिरण्या. तिथल्या ब्रॅडफर्डला तर लोक वर्स्टेडोपोलिस, म्हणजे वर्स्टेडनगरी, म्हणायचे. गावाकडे उरलं नाव आणि चर्च.

निवृत्त स्पिनिंगवाला
आयुष्य लोकरीच्या गिरणीत गेलं म्हणून राहवत नाही. वर्स्टेड आणि साधी वुलन ह्यात फरक प्रतीचा नाही, कातायच्या आधी काय करता त्याचा आहे. वुलनची लोकर पिंजतात, तंतू आडवेतिडवे राहतात, मध्ये हवा अडकते, त्यामुळे धागा फुगीर आणि उबदार. वर्स्टेडची लोकर पिंजून झाल्यावर विंचरतात सुद्धा, अगदी केस विंचरतो तशी. आखूड तंतू फणीत अडकतात, त्यांना नॉइल म्हणतात, आणि लांब लांब तंतू शेजारी शेजारी सरळ लागतात, तो पेळू म्हणजे टॉप. त्याला पीळ दिला की धागा गुळगुळीत आणि मजबूत, सुटाची इस्त्री टिकते ती त्यामुळे. आपल्या घोंगडीची लोकर आखूड आणि रखरखीत, ती पिंजूनच कातायची, आणि खळ चिंचोक्याची. तिचं वर्स्टेड करायला जाल तर सगळी फणीतच राहील.
वर्स्टेडचं काउंट (धागा किती बारीक त्याचं माप) म्हणजे एका पौंडात ५६० यार्डांच्या किती लडी बसतात ते. दुकानात सुपर १०० वगैरे लिहितात ते मूळ ह्यावरूनच आलं, आता मात्र तंतू किती मायक्रॉनचा ते बघतात.

क्रोशेवाली
एवढा इतिहास झाला पण स्वेटरचं कोणी बोलेना 😄 ताई, अमेरिकन पॅटर्नमध्ये 'वर्स्टेड वेट' म्हणजे फक्त धाग्याची जाडी, मध्यम, लेबलवर ४ नंबर. अ‍ॅक्रिलिकलाही तसंच म्हणतात, त्यात विंचरलेली लोकर असेलच असं नाही. सुया ४.५ ते ५.५ मिमी. आधी छोटा चौकोन विणून टाके मोजा आणि मगच स्वेटरला हात घाला, नाहीतर नातीचा तुम्हालाच होईल.

सुईदोरा
सगळ्यांचे आभार. शब्दखोर आणि निवृत्त काकांचं उत्तर ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले तो तुकडा काढ बघू. काढला, तर घडीवर कसरीने खाल्लेली दोन भोकं. आता विचारतायत रफू करणारा कोणी उरलाय का.

निवृत्त स्पिनिंगवाला
रफूला त्याच कापडाचा दोरा लागतो ताई, कडेचेच चार-पाच धागे उसवून काढा. काठावरचं नाव मात्र कापू नका.