धागा आपोआप कापणारी मशीन: लहान गाळ्याला कितपत उपयोगी?

प्रश्न (कुर्ला)
नमस्कार. माझ्या गाळ्यात शर्ट आणि कुर्ती शिवल्या जातात व सर्व सिंगल नीडल मशीन क्लच मोटरवर चालतात. त्यांतील काही आता बदलायची आहेत. विक्रेते डायरेक्ट ड्राइव्ह (पट्ट्याशिवाय थेट मशीनलाच जोडलेली सर्वो मोटर), धागाकटर, कापड दाबणारा फूट आपोआप उचलणे आणि सुरुवात-शेवटाचा पक्का टाका या सोयी एकत्रच दाखवून सर्वांत महाग मॉडेलचा आग्रह धरतात. कारागीर नगावर काम करतात. यांतील कोणत्या सोयीचे पैसे खरोखर वसूल होतात, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर (गोरेगाव, उत्पादन देखरेख)
या सोयींचा हिशोब एकत्र करू नये. क्लच मोटर पेडल दाबलेले नसतानाही फिरत राहते आणि वीज खाते, तर सर्वो मोटर पेडल दाबल्यावरच फिरते. त्यामुळे सर्वोचा फायदा प्रत्येक मशीनवर मिळतो. धागाकटरचे तसे नाही. अडीच मिलिमीटरच्या टाक्याने 60 सेंटिमीटरची बाजू शिवायला 240 टाके लागतात आणि मिनिटाला 4000 टाक्यांच्या वेगाने ते चार सेकंदांच्या आत पडतात. बाकीचा वेळ कापड उचलण्यात, जुळवण्यात, मागे-पुढे टाका मारण्यात आणि कात्री हातात घेण्यात जातो. म्हणून विक्रेता 5000 टाक्यांचा वेग सांगतो तेव्हा मी त्याकडे फारसे लक्ष देत नाही. कॉलर, कफ, खिसा यांसारख्या आखूड शिलाईत धागा वारंवार तोडावा लागतो, तिथे कटर आणि आपोआप पक्का टाका यांचे पैसे निघतात. कुर्तीच्या घेराला, जिथे शिलाई लांबच लांब चालते, तिथे साधे डायरेक्ट ड्राइव्ह पुरते. फूट उचलण्याचे काम गुडघ्याच्या दांड्यानेही होते, त्यामुळे ती सोय मी शेवटी ठेवीन.

उत्तर (धारावी, मशीन दुरुस्ती)
वरील मताशी सहमत आहे. देखभालीबद्दल थोडे लिहितो. टाचेने पेडल मागे दाबले की प्लेटखालची फिरती सुरी वरचा व खालचा धागा पकडून स्थिर सुरीवर कापते आणि त्याच वेळी वरच्या धाग्याचा ताण राखणाऱ्या टेन्शनच्या चकत्या सैल होऊन सुईत पुढच्या टाक्यापुरता धागा शिल्लक राहतो. कापल्यानंतर सुईतून धागा निसटत असेल, तर सुरी बदलण्याआधी सुई योग्य उंचीवर थांबते का आणि चकत्या पुरेशा उघडतात का, हे पाहावे. दुसरे म्हणजे बॉबीन केस, म्हणजे खालच्या धाग्याची रीळ (बॉबीन) जिच्यात बसते ती डबी. कटरच्या मशीनला आत बॉबीनचे फिरणे रोखणारी पातळ स्प्रिंग असलेली केस लागते. साधी केस बसवली की मशीन अचानक थांबल्यावर बॉबीन पुढे फिरून धागा सैल पडतो आणि दोष मात्र कटरला दिला जातो. सुऱ्यांजवळचा कापसाचा भुगा रोज ब्रशने काढावा, पावसाळ्यात तर नक्कीच, कारण दमट भुगा तिथे घट्ट बसतो. कंट्रोल बॉक्ससाठी अर्थिंग आधी तपासून घ्यावे.

उत्तर (भिवंडी, चेकिंग विभाग)
एक गोष्ट राहिली. शिलाईच्या सुरुवातीचा धागा साधा कटर कापत नाही, तो कापडाखाली गुंततो आणि चेकिंगला हातानेच काढावा लागतो. त्यामुळे धागाकटाईचे काम कमी होते, संपत नाही. त्या कामावरच्या बायकांना घरी पाठवण्याऐवजी काज-बटण आणि चेकिंग शिकवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे; मालातील खोट त्यांच्याच नजरेला सर्वांत आधी दिसते.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. त्या बायका आमच्याकडेच राहतील. कफ आणि कॉलरसाठी कटरची मशीन घेतो. उरलेल्या जुन्या मशीनला फक्त सर्वो मोटर बसवली तर चालेल का?

उत्तर (धारावी, मशीन दुरुस्ती)
चालेल. टेबलाखालची क्लच मोटर काढून तिथेच सर्वो बसते. पट्टा मात्र नव्या पुलीप्रमाणे मोजून घ्यावा. सुई वर किंवा खाली नेमकी थांबायला हवी असेल, तर हातचाकावर बसणाऱ्या पोझिशनरसह मोटर मागावी.