मुक्तियुद्धातल्या बायका फक्त पीडित म्हणूनच का आठवायच्या?

मृण्मयी_व:
बांगलादेशच्या १९७१ च्या युद्धाचा विषय निघाला की बायकांच्या वाट्याला एकच प्रकरण येतं, अत्याचारांचं. ते झाले, भयंकर झाले. पण तारामन बीबी आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? कुडिग्रामची, तेरा-चौदा वर्षांची पोर. मुक्तिवाहिनीच्या, म्हणजे पाकिस्तानी लष्कराशी लढणाऱ्या बंगाली फौजेच्या, तळावर भात रांधायला, भांडी घासायला आणि हत्यारं लपवायला तिला नेलं. तिथंच ती बंदूक शिकली आणि ११ व्या सेक्टरमध्ये, म्हणजे युद्धासाठी आखलेल्या विभागांपैकी एकात, लढली. १९७३ मध्ये तिला 'बीर प्रतीक' हे शौर्यपदक जाहीर झालं, पण तिला पत्ताच नाही! १९९५ मध्ये मयमनसिंगच्या एका प्राध्यापकांनी तिला हुडकून काढलं, तेव्हा कुठे पदक हातात पडलं. एकूण ६७६ शौर्यपदकं, त्यात बायका दोन. ही आणि कॅप्टन सितारा बेगम.

निळावंती:
अजिबात पटलं नाही. बंदूकवाल्या दोघींना पुढे आणायचं म्हणून बाकीच्यांना मागे सारू नका. अत्याचार झालेल्यांचा सरकारी आकडा दोन लाख बायकांचा आहे. त्यांना आपण 'जास्त' आठवतो असं तुम्हाला खरंच वाटतं? शिल्पकार फिरदौसी प्रियभाषिणी यांनी स्वतःवर गुदरलेलं जाहीरपणे सांगितलं ते १९९९ मध्ये, म्हणजे २८ वर्षांनी. एवढ्या नामवंत बाईंची ही कथा, तर खेड्यातल्या बाईनं तोंड कसं उघडावं? उलट बांगलादेशचं कौतुक करा, १९७२ मध्येच सरकारनं त्यांना 'वीरांगना' म्हणून मान दिला. दुसऱ्या कुठल्या देशानं असं केलंय?

सह्यकडा:
मान दिला, पण घरच्यांनी दारात उभं केलं का? आणि त्याच १९७२ मध्ये गर्भपातांची सोय झाली, जन्मलेली मुलं दत्तक म्हणून परदेशी पाठवली गेली. काही मुलं जुलैमध्ये कॅनडाला गेली. काही आयांना तेच हवं असेल, हे मान्य. पण सगळ्यांना विचारलं होतं का? मला तरी त्या कौतुकात लपवाछपवीच जास्त दिसते.

देशपांडे_सातारा:
मूळ मुद्द्यावर येतो. २०१५ पासून वीरांगनांनाही मुक्तियोद्ध्यांचा दर्जा आणि भत्ता मिळू लागला. हे मला पटत नाही. लढल्या त्यांना योद्धा म्हणा. ज्यांनी सोसलं त्यांना घर, औषधपाणी, पेन्शन सगळं द्या, दुप्पट द्या. पण यादी वेगळी ठेवा, नाहीतर तारामनचं लढणं त्यात हरवून जाईल.

मृण्मयी_व:
देशपांडेकाका, सितारा बेगम यांचं पदक गोळी झाडल्याबद्दल नाही. त्रिपुरात विश्रामगंजला बांबूच्या झोपड्यांत उभारलेलं फील्ड हॉस्पिटल त्यांनी चालवलं, जखमी पोरांना वाचवलं, त्याबद्दल आहे. मग योद्धा ठरवायला बंदूक हवीच, हा नियम तिथं का लागला नाही? ज्या बाईनं रात्री मुक्तिवाहिनीच्या पोरांना जेवू घातलं आणि त्यापायी लष्कराच्या हाती सापडली, तिला तुम्ही कुठल्या यादीत घालणार?

निळावंती:
हे बरोबर बोललात. पण मग तुमचं शीर्षक बदला. तिला पीडित म्हणून आठवायचं की लढवय्यी म्हणून, हा प्रश्नच चुकीचा आहे. ती दोन्ही होती.

देशपांडे_सातारा:
तिला मी योद्धाच म्हणेन. पण प्रत्येकीनं जेवू घातलं होतं असं नाही. कित्येकींना काही न करता घरातून उचललं. माझा प्रश्न त्यांच्याबद्दल आहे, आणि त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.