‘नक्की डिलीट करायचं?’ हा प्रश्न मी बंद केला. तुम्ही?

पत्रिकावाला, इंदूर

राजवाड्यामागे माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, तेराव्याची कार्डं. दोन कॉम्प्युटर. एकावर विंडोज ७ अजून जिवंत आहे, कारण मांडणीचं जुनं कोरल आणि मराठी अक्षरांचं श्रीलिपी तिथे बसलेलं आहे आणि नीट चालतंय त्याला मी हात लावत नाही. दुसऱ्यावर विंडोज १०.

७ वर काहीही उडवलं की चौकट येते: फाइल रिसायकल बिनमध्ये टाकायची, नक्की? आता एका पत्रिकेची आठ-दहा प्रूफं होतात. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘आत्याचं नाव घातलेलं फायनल’. ती सगळी संध्याकाळी साफ करायची. म्हणजे दिवसाला पन्नासएक वेळा तोच प्रश्न आणि तेच उत्तर. दुकानातल्या मुलाचा हात असा बसला होता की डिलीट आणि एंटर ही त्याच्या लेखी एकच कळ.

अक्षय तृतीयेच्या आधी, ऐन लग्नसराईत, एक गिऱ्हाईक पेनड्राइव्ह ठेवून गेलं. जुनं प्रूफ काढा, प्रिंटची फाइल त्यात टाकून द्या. मुलानं भलताच फोल्डर निवडला. पेनड्राइव्हवरचं उडवलं तर ते बिनमध्ये जात नाही, म्हणून विंडोजनं वेगळं विचारलं, ‘कायमचं डिलीट करायचं?’ शब्द वेगळे, पण चौकट तशीच, आणि एंटर तोच. साखरपुड्याचे फोटो गेले. वर लगेच प्रिंटची भलीमोठी फाइल चढवली. डिलीट केल्यावर यादीतलं नाव खोडलं जातं, माल जागेवरच पडून असतो, पण त्या जागेवर दुसरं काही लिहिलं की मग हरि हरि. रिकव्हरी सॉफ्टवेअरनं बरेचसे फोटो काढून दिले. काही अर्धेच निघाले, वर नवरीचं कपाळ आणि खाली नुसता राखाडी पट्टा. ते घेऊन गिऱ्हाइकासमोर उभं राहणं काय असतं ते विचारू नका.

त्याच रात्री टिक काढली. रिसायकल बिनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तळाशी ‘डिस्प्ले डिलीट कन्फर्मेशन डायलॉग’. आता साध्या डिलीटला मशीन गप्प बसतं. पेनड्राइव्हला आणि शिफ्ट-डिलीटला मात्र विचारतंच, ते या टिकेनं जात नाही. त्यामुळे हल्ली चौकट दिसली की मुलगा दचकतो. मला तेच हवं होतं.

पोहेवाला रोज वरच्या मसाल्याचं विचारतो, ‘जीरावन डालूँ?’ आणि तोंडातून हो निघून जातं. घशाला जखम झाली होती त्या आठवड्यातही माझ्या तोंडातून हो निघालं. मायक्रोसॉफ्टलाही हे कळलं असावं, २०१२च्या विंडोज ८ पासून ही टिक मुळात काढूनच येते. तरी लोक शोधून शोधून ती परत लावतात. का, ते सांगा.

टिळकनगरकर

का ते मी सांगतो.

छत्तीस वर्षं बँकेत काढली. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या, त्या दोन माणसांकडे. व्हाउचर एकानं करायचं, दुसऱ्यानं पास करायचं. पास करणारा न वाचता सही ठोकतो, हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं समजू नका. पण म्हणून दुसरी सही कुणी रद्द केली नाही. न वाचणाऱ्याला समज दिली. तुमच्या दुकानात नेमकं उलट झालं. मुलाची घाई तशीच राहिली आणि तुम्ही पहारेकरी घरी पाठवला.

दुसरं, आणि हे माझ्या अंगावर आलेलं. नवा कॉम्प्युटर घेतला, त्यावर टिक नव्हतीच. मी सोसायटीचा खजिनदार आहे. हिशेबाचा फोल्डर निवडलेला होता, मी चहाला उठलो, बाईंनी टेबल पुसताना कीबोर्डवरूनही फडकं फिरवलं. फोल्डर बिनमध्ये. ना आवाज ना चौकट. मला पत्ता लागला सात आठवड्यांनी, ऑडिटच्या वेळी. आणि बिन मी दर रविवारी रिकामी करतो. स्वच्छतेत पहिल्या नंबराचं शहर आहे ना आपलं.

चौकट नुसती विचारत नाही, पत्रिकावाले. काहीतरी जातंय हे ती सांगते. ते सांगणंच तुम्ही बंद केलंत.

छप्पनचा_भिया

कचरागाडीवाला कधी विचारतो का, ‘नक्की टाकायचंय?’ गीला की सूखा एवढंच बघतो आणि पुढे निघतो. सेटिंग तसं हवं.

सर्व्हर_जागरण

थट्टा म्हणून लिहिलंय, पण भिया बरोबर बोलून गेला. परत मिळणारा कचरा आणि परत न मिळणारा, भेद एवढाच करायचा असतो. विंडोजची टिक काढली की तेच होतं.

हा वाद आपल्या जन्माआधीचा आहे. विंडोजआधीच्या डॉसमध्ये अख्खी डिरेक्टरी, म्हणजे फोल्डर, उडवायला गेलं की ‘आर यू शुअर?’ यायचं आणि लोक वाय दाबून मोकळे व्हायचे. १९९१ साली डॉस ५ मध्ये अनडिलीट आलं, विंडोज ९५ मध्ये रिसायकल बिन. म्हणजे प्रश्न विचारून काम भागलं नाही, म्हणून उत्तर बदलायची सोय द्यावी लागली. ॲपलमध्ये मॅकिंटॉशचा प्रकल्प ज्यांनी सुरू केला त्या जेफ रास्किन यांचं म्हणणं हेच होतं, की ठरावीक उत्तराचा प्रश्न सवयीत मुरतो आणि निरुपयोगी होतो, त्यापेक्षा केलेलं मागे घेता येऊ द्या. एक्स्प्लोररमध्ये डिलीटनंतर कंट्रोल-झेड दाबा, फाइल जागेवर परत येते. हे कितीजणांना माहीत असतं?

लिनक्समध्ये फाइली उडवणाऱ्या आरएम कमांडला विचारण्याचे दोन पर्याय आहेत. छोटा आय लावला तर प्रत्येक फाइलला विचारतो. मोठा आय लावला तर तीनपेक्षा जास्त फाइली असतील तेव्हा एकदाच. मी मोठा वापरतो. छोटा काही दिवस लावून पाहिला होता, त्या दिवसांत वायची कळ झिजली, बाकी फायदा शून्य.

आणि काका, प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब कंपनीची ३१ जानेवारी २०१७ची गोष्ट. रात्री उशिरा थकलेल्या इंजिनिअरनं दुय्यम सर्व्हरवरची डिरेक्टरी उडवायची म्हणून मुख्य सर्व्हरवरची उडवायला घेतली. साधारण तीनशे जीबीतले साडेचार उरले तेव्हा त्याच्या लक्षात आलं. बॅकअप म्हणून जे जे ठेवलं होतं ते ऐनवेळी चालेना, सहा तासांपूर्वीची एक प्रत हाती होती म्हणून निभावलं, तरी मधल्या सहा तासांचा डेटा गेलाच. त्याला ‘नक्की?’ विचारलं असतं तर तो नक्की म्हणाला असता. उडवायचंय याबद्दल त्याला शंका नव्हतीच, मशीन चुकलं होतं.

टिळकनगरकर

कंट्रोल-झेड कळायला आधी काही गेलंय हे कळावं लागतं. मी तेच म्हणतोय आणि तुम्ही मला सर्व्हरच्या गोष्टी सांगताय. इथे कुणाच्या घरी तीनशे जीबीचा डेटाबेस आहे?

सुदामानगरची_सून

मध्येच बोलते. या सगळ्या गप्पा दिवसाला पन्नास फाइली उडवणाऱ्यांच्या चालल्यात. आमच्या सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. भजनी मंडळाच्या पदांच्या फाइली त्याच सांभाळतात, स्वतः टाइप करतात. त्यांचं डिलीट म्हणजे दोन महिन्यांतून एकदा, तेही बहुतेक चुकून.

त्यांना सवय लागत नाही हो. चौकट आली की त्या हात जोडून बसतात आणि स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येईल अशी हाक मारतात, ‘अगं, हा काहीतरी विचारतोय!’ मग मी जाते, नो दाबते, पोळी तव्यावर करपते. पण पदं शाबूत राहतात. नव्या लॅपटॉपला टिक नव्हती, तिथे त्यांनी एकादशीची सगळी पदं उडवली आणि ‘कॉम्प्युटरनं खाल्ली’ म्हणून दोन दिवस बोलल्या नाहीत. बिनमध्येच होती. पण बिन म्हणजे केराची टोपली, तिथे अभंग शोधायला जाणं त्यांना पटत नाही.

तेव्हा ज्याला प्रश्नाची भीती वाटते त्याच्यासाठी प्रश्न कामाचा आहे. दादा, तुमच्या मुलाची भीती मेलीय म्हणून माझ्या सासूबाईंची टिक काढू नका.

एक भानगड मात्र खरी, चौकट इंग्रजीत येते. विंडोजला मराठी भाषा लावता येते म्हणून लावून पाहिली, तर त्या म्हणाल्या, हे मराठी मला कळत नाही, इंग्रजीच बरं होतं.

पत्रिकावाला

ताई, सासूबाईंना माझा नमस्कार, त्यांच्या लॅपटॉपवर टिक राहू द्या. हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मी सगळ्यांसाठी बोलून गेलो, बोलायला हवं होतं डिलीट ज्यांचा धंदा आहे त्यांच्यापुरतं.

पण काका, तुमचं पटत नाही. ‘समज दिली’ म्हणता. मी त्या मुलाला समज नाही, चांगला झापला होता. चार दिवस वाचून वाचून एंटर मारायचा, पाचव्या दिवशी परत तेच. तो आळशी नाही. जे पन्नास वेळा खोटं निघालं ते एक्कावन्नाव्यांदा खरं मानायला डोकंच तयार होत नाही. तुमच्या बँकेत पास करणाऱ्याची पगारवाढ त्या सहीवर अटकलेली असायची. इथे चौकटीचं कुणाला काय देणंघेणं?

आणि फडक्याचं म्हणाल तर फडकं एंटरवरूनही फिरतं.

छप्पनचा_भिया

एक्कावन्नाव्यांदा! काका, यावर काय?

टिळकनगरकर

फडकं आधी डिलीटवर आणि मग एंटरवर, त्याच क्रमानं फिरेल असं तुमचं गणित आहे का? असो. तुमच्या दुकानात तुमचं चालू द्या. मी माझी टिक लावलीय आणि ती राहणार.

बँकेचं मात्र चुकीचं सांगू नका. पगारवाढ अटकायची नाही, चौकशी लागायची. फरक आहे.

सर्व्हर_जागरण

काकांची अर्धी बाजू मलाही घ्यावी लागेल. ‘बिन आहे ना, मग चिंता नको’ म्हणणाऱ्यांना बिनच्या मर्यादा माहीत नसतात. प्रत्येक ड्राइव्हच्या बिनला कमाल आकार असतो, तो भरला की जुनं आपोआप बाहेर पडतं. नेटवर्कवरच्या फोल्डरमधून उडवलं तर ते तुमच्या बिनमध्ये येतच नाही. स्टोरेज सेन्स हा विंडोजचा सफाईवाला चालू असेल तर तीस दिवसांवरचं तो स्वतःहून साफ करतो, तीसचा आकडा सेटिंगमध्ये बदलता येतो. आणि जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असेल तर पत्रिकावाल्यांसारखं रिकव्हरीनं फोटो परत मिळतील ही आशाही सोडा, ट्रिम नावाच्या सफाईमुळे खोडलेली जागा लवकरच खरोखर रिकामी होते.

मला विचाराल तर व्हॉट्सॲपनं केलं ते बरं. ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ऐवजी ‘डिलीट फॉर मी’ दाबून फजिती व्हायची, त्यावर डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी ‘अनडू’ दिलं. आधी ‘नक्की?’ म्हणून विचारत नाही. झाल्यावर पाच सेकंद खाली पट्टी दाखवतं, की अमुक झालं, परत हवं का? काकांना हवं ते सांगणंही झालं आणि एंटरची सवयही लागली नाही. विंडोजच्या डिलीटला अशी पट्टी असती तर हा वाद झालाच नसता.

सुदामानगरची_सून

पाच सेकंदांत सासूबाईंचा चष्मासुद्धा सापडत नाही.

सर्व्हर_जागरण

ताई, मान्य. पट्टी जाऊ द्या. त्यांच्या पदांचा फोल्डर वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यात, ठेवा, तिथल्या बिनमध्ये तीस दिवस राहतं. आणि महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवर प्रत.

पत्रिकावाला

पेनड्राइव्ह मात्र दुकानात देऊ नका.

टिळकनगरकर

एक कबुली द्यायची आहे. हे सगळं वाचून मी आत्ता माझी बिन उघडून पाहिली. या रविवारी रिकामी करायची राहिली होती. त्यात सोसायटीच्या पाणीपट्टीचा फोल्डर आहे. मी टाकलेला नाही. नातवाला विचारलं. तो म्हणाला, ‘आजोबा, तुमचं मशीन काहीतरी विचारत होतं, मी यस म्हटलं.’

टिक राहील. नातू मात्र आता दुसऱ्या खोलीत बसेल.

सून ताई, फोल्डर कुठून आला आणि कधी उडाला हे बिनमध्येच दिसतं म्हणे. माझ्याकडे नुसती चित्रं दिसताहेत. कसं करायचं?

सुदामानगरची_सून

काका, वर ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘डिटेल्स’ करा. ‘ओरिजिनल लोकेशन’ आणि ‘डेट डिलीटेड’ असे रकाने दिसतील. तारखेच्या रकान्यावर क्लिक केलं की त्या क्रमानं लागतं. फोल्डरवर राइट क्लिक करून ‘रिस्टोअर’ म्हणा, होता तिथे जाऊन बसेल. तो काही विचारणार नाही, घाबरू नका.