जुना ट्रॅक्टर धूर मारतोय, डिझेलमध्ये कोणतं अ‍ॅडिटिव्ह घालू? (अर्जंट)

ऊसकरी_शिरोळ
नमस्कार मंडळी. घरचा जुना ट्रॅक्टर हाय. धूर मारतोय, ओढ पण कमी झालीया. मिस्त्री म्हणाला आताचं डिझेल हलकं आलंय, बाटली घाल. दुकानदारानं एक दिली, दोन टाक्या झाल्या, फरक शून्य. सोमवारी टोळी फडात उतरतीया, ट्रॉल्या ओढायच्यात. चांगल्या अ‍ॅडिटिव्हचं नाव तेवढं सांगा. इंजिन खोला वगैरे नको, तेवढा वेळ नाही.

लेथवाली_उद्यमनगर
दादा, ट्रॅक्टर कुठला? किती सालचा? धूर कुठल्या रंगाचा?

ऊसकरी_शिरोळ
लाल.

लेथवाली_उद्यमनगर
धूर लाल?

ऊसकरी_शिरोळ
ट्रॅक्टर लाल ओ ताई. पाटी केव्हाच पडलीया, वडिलांनी 1984 ला घेतलेला. तीन सिलिंडर. धूर सकाळी पांढरा, नंतर निळसर.

काका_कागलकर
टाकीला दोन लिटर रॉकेल घाल पोरा. डिझेल फवारणारं नोझल साफ होतंय. आम्ही पंचवीस वर्षं घालत आलोय, रेशनचं निळं मिळायचं तेव्हा. काय झालं नाही इंजिनला.

डिझेल_डॉक्टर
काका, इंजिनात डिझेल ढकलणारा तुमचा पंप कुठला होता ते सांगा आधी. रॉकेल डिझेलपेक्षा पातळ, वंगण कमी. ज्या पंपाचं वंगण डिझेलवरच होतं, तो त्यानं खरवडून निघतो.

काका_कागलकर
आमचा पंप अजून चालू हाय. तुमचा?

टू_स्ट्रोक_भावा
रॉकेल नको, टू स्ट्रोक ऑइल घाला. 40 लिटरला 200 मिली. 2020 पासून प्रदूषणाच्या नियमाचं बीएस-6 डिझेल आलं, त्यात गंधक 10 पीपीएम (दहा लाख भागांत दहा), आधी 50 होतं, त्याआधी साडेतीनशे. गंधक गेलं म्हणजे वंगण गेलं. जुन्या पंपाला हे लागतंच. माझ्या जीपला घालतोय, आवाज मऊ झालाय. नादखुळा!

डिझेल_डॉक्टर
अर्धवट आहे हे. वंगण गंधकाचं नसतंच. गंधक काढताना डिझेलवर जी प्रक्रिया करतात, तिच्यात वंगण देणारे बाकीचे घटक निघून जातात. ती उणीव भरून काढायला वंगणाचं रसायन डिझेल पेट्रोल पंपावर यायच्या आधीच मिसळलेलं असतं. डिझेलच्या मानकात घर्षणाची चाचणी आहे, घासल्याचा डाग 460 मायक्रॉनच्या आत हवा. म्हणजे ज्यासाठी बाटली घेताय ते बरंचसं आधीच आत आहे.

आवाज मऊ झाला म्हणजे पंप सुधारला असं नाही. कान आपलेच असतात.

टू_स्ट्रोक_भावा
मग जुने पंप पाझरायला का लागले सगळ्यांचे?

डिझेल_डॉक्टर
ते सीलमुळे. जुने रबरी सील वर्षानुवर्षं एका प्रकारच्या डिझेलात फुगून बसलेले असतात. डिझेलची घडण बदलली की आकसतात, आणि म्हातारं रबर परत फुगत नाही. 1993 ला अमेरिकेत गंधक 500 पीपीएमवर आणलं तेव्हा हीच बोंब झाली होती. त्याला इलाज नवा सील. ऑइल घालून रबर तरुण होत नाही.

पन्हाळा_रायडर
माझ्या बाइकला इथेनॉलवाल्या पेट्रोलनं अ‍ॅव्हरेज कमी झालंय. डिझेलमध्ये पण इथेनॉल घालतात का? त्यामुळेच असंल हे.

लेथवाली_उद्यमनगर
नाही ओ, इथेनॉल पेट्रोलमध्ये घालतात. तुमचा वेगळा धागा काढा.

ऊसकरी दादा, पंपाचा फोटो टाका. नसेल जमत तर एवढंच बघा: नोझलकडं जाणारे पाइप पंपावर एका ओळीत उभे हायत, का गोल डोक्याभोवतीनं निघालेत? ओळीत असतील तर इनलाइन, त्याच्या खालच्या कप्प्यात इंजिन ऑइल असतंय. गोल असतील तर रोटरी, तो आतून सगळा डिझेलवरच चालतोय.

ऊसकरी_शिरोळ
गोल. पण मी नाव विचारलं होतं अ‍ॅडिटिव्हचं. इथं शाळा सुरू झाली.

काका_कागलकर
बरोबर बोलला. रॉकेल घाल.

चारचाकी_गडहिंग्लज
पावसाळाभर टाकी अर्धी ठेवली होती का? रिकाम्या भागात दमट हवा, रात्री थंड झाली की पाणी तळाला. डिझेल आणि पाणी जिथं भेटतात तिथं काळी बुळबुळीत घाण धरते. आमच्याकडं फिल्टर महिन्याला चोंदायचा. टाकीचा तळाचा नट खोलून बाटलीत पाव लिटर काढा, दहा मिनिटं उभी ठेवा, पाणी खाली दिसेल.

ऊसकरी_शिरोळ
काढलं. थोडं पाणी होतं, अर्धा कप. फिल्टर बदलला. पांढरा धूर कमी झाला, निळसर तसाच. आता तरी सांगा. बाकी इंजिन एकदम झकास हाय, ऑइल सुद्धा खात नाही, उलट वाढलंय. डिपस्टिकला वरच्या खुणेच्या बोटभर वर हाय.

लेथवाली_उद्यमनगर
थांबा. ट्रॅक्टर चालू करू नका.

ऑइल आपोआप वाढत नसतंय. डिपस्टिकचा थेंब बोटावर घ्या, वास घ्या. डिझेलचा वास आला तर ते इंजिनात उतरतंय. रोटरी पंपाच्या शाफ्टचा सील गेला की डिझेल टायमिंग केसमधून (पुढच्या गिअरांच्या कप्प्यातून) थेट चेंबरात, म्हणजे खालच्या ऑइलच्या कप्प्यात. दुसरं ठिकाण फीड पंप, टाकीतलं डिझेल मोठ्या पंपाकडं ओढणारा; त्याचा पडदा फाटला तरी तेच. पातळ झालेलं ऑइल रिंगांवरून वर चढतंय म्हणून निळा धूर.

डिझेल_डॉक्टर
ताईंशी शंभर टक्के सहमत. पातळ ऑइलवर ट्रॉली ओढली तर बेअरिंग जातील. आणि चेंबर फारच भरलं तर इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत सुटतं, स्टॉप ओढला तरी थांबत नाही. हे पहिल्या पोस्टमध्ये सांगायला पाहिजे होतं.

ऊसकरी_शिरोळ
मला वाटलं ऑइल जास्त असणं चांगलंच की. वास येतोय डिझेलचा. मिस्त्रीनं डिपस्टिक बघितलीच नव्हती.

टू_स्ट्रोक_भावा
तरी पण सील बदलल्यावर थोडं टू स्ट्रोक घाला. माझं मत.

लेथवाली_उद्यमनगर
आधी फीड पंप खोला, दोन बोल्टचं काम. पडदा चांगला असेल तर मोठा पंप काढून कॅलिब्रेशनवाल्याकडं (पंप तपासून जुळवणाऱ्याकडं) न्या. काढायच्या आधी टायमिंगची खूण (पंप नेमका कुठं बसतो ती) बघून ठेवा, नसेल तर छिन्नीनं मारा. नाहीतर बसवताना रडाल. आणि ऑइल, ऑइल फिल्टर दोन्ही नवीन. जुनं ऑइल गाळून परत वापरू नका, मला माहीत हाय लोक वापरतात.

ऊसकरी_शिरोळ
(चार दिवसांनी) फीड पंप ठीक होता. पंप उद्यमनगरला दिला, शाफ्टचा सील चिरलेला निघाला, दगडासारखा झालता. ऑइल काढलं तर भरलेल्यापेक्षा दीड-दोन लिटर जास्त आलं. नवीन भरून चालू केला, सकाळी पाच मिनिटं धूर, मग साफ. टोळी दोन दिवस बसून राहिली, मुकादमाची बोलणी खाल्ली ती वेगळीच. ताई, आभारी.

आता ती बाटली अर्धी उरलीया. तिचं काय करू?

पन्हाळा_रायडर
मला द्या, बाइकला घालून बघतो.

डिझेल_डॉक्टर
अहो ती डिझेलची आहे!

काका_कागलकर
रॉकेल घाल म्हणावं.