विषय: एप्रिलची सहल – नव शापेल, नुसता फोटो काढून पुढे?

मेधा

मंडळी, नमस्कार.

बस ठरली. एप्रिलचा दुसरा शनिवार. सकाळी सातला पॅरिसहून निघायचं, दहाच्या सुमारास नव शापेलचं पहिल्या महायुद्धातलं भारतीय स्मारक, तिथे अर्धा तास, ग्रुप फोटो, मग थेट लील. जेवण आपापलं. नावं रविवारपर्यंत कळवा, बसवाल्याला आकडा द्यायचा आहे.

मेधा

रोहन

मेधाताई, अर्धा तास तरी कशाला? मी नकाशावर गाव फिरून आलो. शेतं, विटांची घरं, पुन्हा शेतं. दोन हजारांचीही वस्ती नाही. त्यापेक्षा तासभर पुढे जाऊन ब्रुज करू, मुलांना चॉकलेट तरी मिळेल.

रोहन

सुहास

चि. रोहन,

चॉकलेट पॅरिसातही मिळतं. ज्या गावात आपल्या मराठा पलटणींनी जर्मनांना पाणी पाजलं, तिथे अर्धा तास जास्त वाटावा, हे वाचून वाईट वाटलं. मी 'मराठा लाइट इन्फंट्रीच्या वीरांना मानाचा मुजरा' असा फलक करून आणतो. स्मारकापुढे धरून फोटो काढू. मेधा, फलकाचा खर्च माझा.

सुहासकाका

विद्या

सुहासकाका, मेधा, रोहन आणि नुसतं वाचून गप्प बसणारे सगळे,

अकरा वर्षं लीलला राहतेय आणि या गावावरून महिन्यातून दोनदा तरी जाते, त्यामुळे लांबड लावणार आहे. चहा घेऊन बसा.

आधी रोहन. तुझं बरोबर आहे, तिथे बघायला काही नाही. पण ते 'काही नाही' हेच बघायचं आहे. गाव समुद्रसपाटीपासून वीसेक मीटरवर. उत्तरेला लीस नदी, दक्षिणेला ला बासेचा कालवा आणि मधे चिकणमातीचं परातीसारखं सपाट रान. कालव्यापलीकडे कोळशाचा पट्टा सुरू होतो, खाणींच्या मातीचे काळे डोंगर दिसतात. अलीकडे मात्र बटाटा, बीट, गहू. पावसाचं पाणी जिरत नाही आणि उतार नाही म्हणून वाहतही नाही. म्हणून शेताशेताच्या कडेला चर, त्यांना इथे 'बेक' म्हणतात. गावाच्या पूर्वेला ले नावाचा प्रवाह आहे. नकाशावर त्याला नदी म्हटलंय, पण आपल्याकडे कोणी ओढासुद्धा म्हणणार नाही.

जवळच माझ्या मैत्रिणीचा भाजीचा तुकडा आहे. गेल्या नोव्हेंबरात लसूण लावायला गेलो. दोन वेळा कुदळ मारली आणि खड्ड्यात पाणी चमकायला लागलं. खोली मोजली तर माझ्या दोन वितीही नाही. माती अशी चिकट की दर खेपेला कुदळ काठीने खरवडायची, नाहीतर तिसऱ्या घावाला ती उचलत नाही.

आता याच जमिनीत माणूस उभा राहील एवढा खंदक खणायचा. १९१४ च्या हिवाळ्यात तेच झालं. खाली जाता येईना म्हणून लोक वर आले. मातीची पोती एकावर एक रचून छातीएवढ्या भिंती केल्या आणि त्यांच्या आड गुडघाभर गार पाण्यात उभे राहिले. सप्टेंबरच्या अखेरीस मार्सेय बंदरात उतरलेल्या हिंदी पलटणी थेट या चिखलात आल्या.

गावापासून पूर्वेकडे बघितलं की ओबेरची टेकडी दिसते. म्हणजे दाखवली तर दिसते. खालच्या रानापेक्षा जेमतेम वीस मीटर उंच. पर्वती चढताना पहिल्यांदा दम लागतो ना, तेवढीही नाही. पण या परातीत वीस मीटरवर बसलेल्याला सगळं दिसतं आणि जर्मन तिथे बसले होते. १० मार्च १९१५ ला त्या टेकडीसाठीच लढाई झाली. सकाळी साडेसातला तोफा सुरू झाल्या, तीनशेच्या वर तोफा, पस्तीस मिनिटं. त्याआधी विमानातून फोटो काढून जर्मन खंदकांचे नकाशे केले होते, तोवर असं कोणी फारसं केलेलं नव्हतं. दुपारच्या आत गाव हातात आलं. आणि मग सगळं अडलं. फोनच्या तारा तुटलेल्या, पुढचा हुकूम येईना, कित्येक तास पुढे रान मोकळं आणि फौज थांबलेली. तेवढ्यात जर्मनांनी गावामागच्या बिए नावाच्या रानात आणि ले ओढ्यावर नवी फळी उभी केली. १३ तारखेला लढाई थांबली तेव्हा इंग्रजांकडची ११ हजारांहून जास्त माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता होती, त्यातली चार हजारांवर हिंदी. टेकडी जर्मनांकडेच राहिली. मिळालं ते एक गाव, आणि तेही विटांचा ढीग झालेलं. गढवाल रायफल्सचा गबर सिंग नेगी पहिल्याच दिवशी पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आता काका, तुमचा फलक. रागावू नका, पण तो छापू नका. मराठा पलटणी इथे नव्हत्याच. त्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होत्या. १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या आणि एप्रिल १९१६ मध्ये शरण जाऊन कैदेत गेल्या. ती कथा मोठी आहे, पण या गावाची नाही.

या गावाशी आपलं नातं आहे ते खडकीचं. बॉम्बे सॅपर्स, तेव्हाचं नाव थर्ड सॅपर्स अँड मायनर्स. त्यांच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या. त्यांत मराठे होते, शीख होते, मुसलमान होते. काम पूल बांधणं, सुरुंग, खंदक. ऑक्टोबर १९१४ मध्ये जर्मनांनी गाव घेतलं आणि परत घ्यायला माणसं कमी पडली, तेव्हा या बांधकामवाल्यांना शिपाई म्हणून पुढे काढलं. २८ ऑक्टोबरला ४७ व्या शीख पलटणीबरोबर ते संगिनी लावून मोकळ्या रानातून धावत गेले, गावात शिरले आणि घराघरांतून लढले. मागून कुमक आली नाही, गाव सोडावं लागलं. या दोन कंपन्यांचे इंग्रज अधिकारी जवळजवळ सगळे मेले किंवा जखमी झाले. ही मार्चच्या आधीची गोष्ट, त्यामुळे भाषणांत सहसा येत नाही. म्हणून मुद्दाम सांगते.

एक विचित्र गोष्ट राहिली. त्याच्या आदल्या दिवशी, २७ ऑक्टोबरला, जर्मनांनी या गावावर शिंका आणणारी पूड भरलेले तीन हजार गोळे टाकले. समोरच्यांना त्याचा पत्ताच लागला नाही! पुढच्या एप्रिलमध्ये बेल्जियममधल्या ईप्रला क्लोरीन वायू सोडला, तो मात्र जगाला कळला.

स्मारक गावात नाही, गावाच्या नैऋत्येला ८०० मीटरवर चौकात आहे. सोजिरांनी त्या चौकाला पोर्ट आर्थर नाव दिलं होतं. गोल आवार, अर्ध्या बाजूला सांचीच्या कठड्यासारखी जाळी, मधे पंधरा मीटरचा खांब, वर कमळ, दोन बाजूंना वाघ. आतल्या भिंतीवर पलटणीवार ४,७०० हून जास्त नावं. कबर सापडली नाही अशांचीच ही नावं आहेत, आणि का सापडली नाही ते कुदळ मारून बघितलेल्याला सांगावं लागत नाही. ७ ऑक्टोबर १९२७ ला उद्घाटन झालं तेव्हा फ्रान्सचे मार्शल फॉश आले होते.

आणि रस्त्याच्या पलीकडे पोर्तुगीज दफनभूमी आहे, १,८३१ कबरी. १९१७ पासून हा भाग पोर्तुगीज फौजेकडे होता आणि ९ एप्रिल १९१८ ला ती एका दिवसात चिरडली गेली. गोव्याच्या मंडळींनी तिथे जरूर जावं, कबरींवरची आडनावं वाचताना मडगावात फिरल्यासारखं वाटतं. या गावाच्या वाटेवर एक ख्रिस्त होता, तोफांनी पार मोडलेला, तरी क्रूसावर राहिलेला. १९५८ मध्ये तो पोर्तुगालला दिला गेला. आता तो बाताल्याच्या मठात त्यांच्या अज्ञात सैनिकांच्या कबरीवर आहे. सगळं गेलेल्या गावातला उरलेला देवही असा दिला गेला, हे मला त्या खांबापेक्षा मोठं वाटतं.

आजचं गाव म्हणजे युद्धानंतर नव्याने बांधलेल्या लाल विटा. नव शापेल म्हणजे 'नवं देऊळ' असं धरा. 'नव' हा शब्द तर आपल्या 'नव'चा सख्खा भाऊ. नांगरटीच्या दिवसांत शेतकऱ्यांना अजून गोळे सापडतात. ते बांधावर ठेवतात आणि सरकारी पथकाला फोन करतात. बांधावर गंजलेलं काही दिसलं तर पोरांना हात लावू देऊ नका, हे गंभीरपणे सांगतेय.

मेधा, अर्धा तास नको, अडीच तास ठेव. स्मारक, पोर्तुगीज कबरी, मग चालत गाव आणि बिएच्या रानापर्यंत. लील कुठे पळून जात नाही.

विद्या

सुहास

विद्या,

तुझी मेल दोनदा वाचली. मी खडकीचा. शाळेत जाताना सॅपर्सच्या भिंतीला काठी घासत जायचो, आतून बिगुल ऐकू यायचा. तिथली माणसं या गावात लढली हे ऐंशीव्या वर्षी मेलमधून कळलं. फलक रद्द. त्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्यांची नावं भिंतीवर कुठल्या बाजूला आहेत, तेवढं दाखव. मला चष्मा लावून वाचायला वेळ लागतो, तो धरून ठेवा.

सुहासकाका

मेधा

ठरलं. नव शापेल दहा ते साडेबारा, लीलला दीडपर्यंत. जेवण उशिरा होणार, म्हणून मी थालीपीठं आणते, लोणचं कोणीतरी आणा. विद्या तिथेच भेटेल. चिखल आहे, पांढरे बूट घालू नका.

रोहन

४३ नंबरचे गमबूट जादा आहेत का कोणाकडे?