खडकाळ समुद्रकिनारा मुलांना दाखवायचाय: कुठे न्यावं, काय दाखवावं? (साताऱ्याहून सहल)

विज्ञानवर्ग_सातारा
नमस्कार मंडळी. साताऱ्यातल्या एका शाळेत मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते. जानेवारीत सहल कोकणात न्यायचं ठरतंय. एरवी सहल म्हणजे देऊळ, वाळू आणि परत. या वेळी निदान दोन तास खडकांवर घालवावेत असं फार मनात आहे. वर्गात अन्नसाखळी गवत, नाकतोडा, बेडूक, सापाशी संपते. कोण कुणाला खातं एवढं मुलांना पाठ होतं, पण त्यामुळे कुणाला कुठे जागा मिळते हे डोळ्यांनी दिसत नाही. किनाऱ्यावर ते दिसतं असं वाचलंय.

एका मुक्कामात जमेल अशी जागा कोणती? वेळ कोणती धरावी? आणि नेमकं काय दाखवू? बऱ्याच मुलांनी समुद्र पाहिलेलाच नाही.

कुंभार्लीपार
उंब्रज, पाटण, कोयनानगर करून कुंभार्ली घाट उतरा, चिपळूणहून गुहागर. गुहागरचा किनारा वाळूचा आहे, त्याचा तुम्हाला उपयोग नाही. खाली हेदवी-वेळणेश्वरला जा. हेदवीला काळ्या कातळाचा सपाट पट्टा ओहोटीला छान उघडा पडतो. तिथल्या बामणघळीत भरतीचं पाणी जोरात उसळतं, पाणी चढायला लागलं की मुलांना त्या बाजूला फिरकू देऊ नका.

कृष्णाकाठ_सांगली
ताई, मी सांगलीत प्राणीशास्त्र शिकवतो. आमची मुलं आंबा घाटातून रत्नागिरीला नेतो, पण तुम्हाला हेदवीच सोयीची. जागेचं वर आलंच आहे, मी काय दाखवायचं त्यावर लिहितो. मुलं खडकावर पोचली की मासा कुठे, खेकडा कुठे सुरू होतं आणि खरी गंमत पायाखाली तुडवली जाते.

आधी सगळ्यांना लांब उभं करून खडकावरचे पट्टे बघायला सांगा. वर, भरतीच्या रेषेपाशी, फटींत दडलेल्या बारीक गोगलगायी. खाली बार्नॅकलचा, म्हणजे खडकाला कायमच्या चिकटलेल्या बारीक कवचधारी जिवांचा, करडा, खरबरीत थर. मग कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले धारदार शिंपले. अगदी पाण्यालगत शेवाळं. कासला जाऊन आलेल्या मुलांना हे लवकर कळतं, कारण तिथेही पाणी साचतं त्या खळग्यातली फुलं वेगळी आणि कोरड्या कातळावरची वेगळी असतात.

मग विचारा, हे पट्टे कशामुळे? ज्याला जितकं पाणी लागतं तितक्या उंचीवर तो राहतो, असं मुलं सांगतील. ते अर्धंच खरं आहे. जोसेफ कॉनेल या जीवशास्त्रज्ञांनी स्कॉटलंडच्या कंब्रे बेटावर दोन जातींचे बार्नॅकल तपासले. कथामॅलस वर राहायचा, बॅलॅनस खाली. कॉनेलनी खालच्या दगडांवर कथामॅलसच्या आजूबाजूचे बॅलॅनस खरवडून काढले, तर कथामॅलस खालीही व्यवस्थित जगला. म्हणजे त्याला खालची जागा मानवत नव्हती असं नाही. शेजारी भराभर वाढून त्याच्यावर चढत होता, त्याला बुडापासून उचकटत होता, चिरडत होता. उलट बॅलॅनस वर जाऊ शकत नव्हता, कारण तिथे तो सुकून मरायचा. वरची सीमा उन्हाची, खालची शेजाऱ्याची. हे 1961 साली छापून आलं आणि मला आजही वर्गात याहून सोपा पुरावा सापडत नाही.

दुसरी गोष्ट रॉबर्ट पेन या जीवशास्त्रज्ञांची. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात पॅसिफिकच्या काठावर, मुक्कॉ बे इथे, त्यांनी साधारण 8 मीटर लांब आणि 2 मीटर उंचीचा खडकाचा पट्टा निवडला. त्यावर दिसेल तो पिसास्टर जातीचा तारामासा उपटून समुद्रात फेकायचा, हे पुनःपुन्हा. शेजारचा पट्टा तसाच ठेवला. तारामासा शिंपले खातो. तो गेल्यावर शिंपल्यांनी खडक व्यापत नेला आणि बाकीच्यांना पाय टेकायला जागा उरेना. 1966 च्या निबंधात आकडे आहेत: 15 जातींच्या 8 झाल्या. खाणारा काढला म्हणून जाती वाढल्या नाहीत, कमी झाल्या. मुलांना हे आधी सांगू नका. काय होईल ते वहीत लिहायला लावा, मगच उत्तर सांगा. ज्याच्या असण्यावर बाकीच्यांची जागा ठरते अशा जिवाला पेन यांनी 1969 मध्ये कीस्टोन प्रजाती हे नाव दिलं.

ओहोटीला खडकांत पाणी साचून राहतं त्या डबक्यांसाठी जेन लुबचेंको या संशोधिकेचं 1978 चं काम सांगता येईल. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या डबक्यांत एक गोगलगाय मऊ हिरवं शेवाळ आवडीने खाते, चिवट लाल शेवाळाला सहसा तोंड लावत नाही. गोगलगायी नसल्या की हिरवं बाकीच्यांना दाबून टाकतं. फार झाल्या की फक्त चिवटच उरतं. मध्यम संख्येच्या डबक्यांत शेवाळांच्या जाती सगळ्यांत जास्त. खडकाच्या उघड्या भागावर मात्र हिरव्याचं वर्चस्व मुळातच नसतं, म्हणून तिथे गोगलगायींनी जाती कमीच होतात. खाणारा कुणाला खातो, वरचढाला की दबलेल्याला, त्यावर सगळं ठरतं.

विज्ञानवर्ग_सातारा
सर, मनापासून आभार. आमच्या मुलांनी थोडा भाग खरवडून असा प्रयोग केला तर चालेल का?

कृष्णाकाठ_सांगली
खरवडू नका ताई. एका दिवसात निकाल दिसणार नाही आणि पुढच्या शाळेला उघडा खडक मिळेल. तुलना करा. पीव्हीसी पाइपची अर्ध्या मीटरची चौकट बनवून न्या. वरपासून पाण्यापर्यंत दोरी ताणा, ठरावीक अंतरावर चौकट टाकून आत कोण आहे ते मोजा. एका गटाला लाटांच्या माऱ्यातली बाजू द्या, दुसऱ्याला आडोशाची.

जवळून बघायला तीन गोष्टी. डबक्यात बुडालेल्या बार्नॅकलसमोर हात न हलवता बसायचं. थोड्या वेळाने वरची झडप उघडते, आतून पिसासारखे पाय बाहेर येतात, पाणी ओढतात आणि मिटतात. दुसरं, टोपीसारखा शंख घेऊन खडकाला चिकटलेला लिंपेट. त्याच्याभोवती खडक बऱ्याचदा साफ असतो, कारण कोवळं शेवाळ तो दातेरी जिभेने खरवडून नेतो. तिसरं, रिकामे शिंपले उचलून उजेडात धरायचे. एखाद्यावर सुबक गोल भोक दिसेल. ते मांसाहारी गोगलगायीने पाडलेलं असतं, तिथूनच तिने आतला जीव खाल्ला. बघून झालं की शिंपला तिथेच ठेवा, शंखात राहणाऱ्या खेकड्यांना (शंखकूर्म्यांना) रिकामे शंख घर म्हणून लागतात, आणि मुलांना एकदा सूट दिली की रिकामं आणि जिवंत हा फरक राहत नाही.

देवगडची_सून
माझं माहेर मिरजेचं, सासर देवगडकडचं. एक भर घालते. आमच्याकडे ओहोटीला बायका कोयती घेऊन खडपावर कालवं काढायला जातात. मुलांना त्याही दाखवा, त्यांच्याशी बोलू द्या. कुठलं कालव भरलेलं आणि कुठलं पोकळ, हे त्या वरून बघून सांगतात. माणूस तिथे पाहुणा नाही, तोही खाणाऱ्यांतलाच आहे.

चपला नकोत, मागे पट्टा असलेले सँडल किंवा जुने बूट. कालवाची धार पायात गेली तर सहल तिथेच थांबते.

कृष्णाकाठ_सांगली
वहिनी, फार मोलाचं लिहिलंत. चिलीत लास क्रूसेस इथे 1982 च्या अखेरीस किनाऱ्याचा एक भाग माणसांना बंद केला. तिथे लोक 'लोको' नावाचा मोठा शंख काढून खायचे. माणूस थांबला तसे लोको वाढले, त्यांनी शिंपले खाल्ले आणि शिंपल्यांनी व्यापलेल्या खडकावर बार्नॅकल आले. किनाऱ्याचा चेहराच बदलला.

ताई, प्रवाळ आणि समुद्रकाकडी यांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, हात लावायचा नाही हे निघण्याआधीच सांगून ठेवा. परतताना सवड असली तर रत्नागिरीत झाडगावला कोकण कृषी विद्यापीठाच्या संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहे, पण त्यासाठी खडकावरचा वेळ कापू नका.

विज्ञानवर्ग_सातारा
हेदवी पक्की केली. आता तारीख कशी धरू? शाळेने शनिवार-रविवार दिलाय.

कुंभार्लीपार
अष्टमीच्या आसपासचा शनिवार-रविवार टाळा, तेव्हा भांग असते आणि पाणी पुरेसं उतरत नाही. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतर दोन-तीन दिवसांचा घ्या, तेव्हा ओहोटी साधारण सकाळी सातच्या पुढेमागे येते आणि रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. जवळच्या जयगड बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. सगळ्यांत खालच्या पाण्याच्या तासभर आधी खडकावर पोचा, पाणी वळलं की मुलांना मोजून वर घ्या. शनिवारी मुक्कामाला हेदवीतच राहा, रविवारी पहाटे निघून हे जमणार नाही.